डॉट इनचा सातबारा: देशाची डोमेन नोंदणीसंस्था नेमकं करते काय?



२० जानेवारी २०१५ रोजी जगभरातल्या संशोधकांना एक विचित्र अनुभव आला. पेपरच्या शेवटी दिलेल्या संदर्भाच्या डीओआय लिंकवर क्लिक केलं, की कधी पेपर उघडायचा, कधी नाही. एका देशात चालायचं, दुसऱ्या देशात बंद. पेपर होते, प्रकाशकांचे सर्व्हर चालू होते, डीओआय क्रमांकही जागच्या जागी होते. मग बिघडलं काय? तर डीओआय डॉट ऑर्ग या डोमेन नावाचं नूतनीकरण करताना गफलत झाली होती. लाखो संशोधन लेखांना कायमचा पत्ता देणारी व्यवस्था काही काळ डळमळली, ती एका नावाची मुदत संपल्यामुळे.

पेपर कुठेही गेला नव्हता. गेला होता तो त्याच्यापर्यंत पोहोचवणारा पत्ता. आणि इंटरनेटवर पत्ता गेला, की वस्तू असून नसल्यासारखीच.

आजच्या लेखात आपण हे पत्ते सांभाळणाऱ्या संस्थांबद्दल बोलणार आहोत, त्यातही देशाच्या पातळीवरच्या नोंदणीसंस्थेबद्दल. उदाहरण आपलंच घेऊ: डॉट इन. पीएचडीची तयारी करताना नेट-सेट, पेट, प्रपोजल, गाइड यांच्या गडबडीत हा विषय कोणी शिकवत नाही. पण ज्या जर्नलला तुम्ही पेपर पाठवणार, ज्या साइटवरून डेटा घेणार, ज्या लिंका थिसिसमध्ये देणार, त्या सगळ्यांचा पाया हाच आहे.

पत्ता उजवीकडून वाचा

शोधगंगा तुम्ही वापरलंच असेल. त्याचा पत्ता आहे शोधगंगा डॉट इन्फ्लिबनेट डॉट एसी डॉट इन. आपण तो डावीकडून वाचतो, यंत्रं तो उजवीकडून शोधत येतात.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, की तुमच्या इंटरनेट कंपनीचा किंवा विद्यापीठाचा 'रिझॉल्व्हर' कामाला लागतो. त्याला उत्तर आधीच माहीत नसेल तर तो आधी रूट सर्व्हरला विचारतो. रूट सर्व्हरना 'ए' ते 'एम' अशी १३ नावं आहेत, आणि प्रत्येक नावाखाली जगभर अनेक यंत्रं बसवलेली आहेत. रूटला शोधगंगा माहीत नसतं. तो एवढंच सांगतो, "डॉट इनबद्दल विचारायचं ना? मग या सर्व्हरकडे जा."

दुसरा प्रश्न डॉट इनच्या सर्व्हरला. त्यालाही शोधगंगेवरचे प्रबंध माहीत नसतात. त्याच्याकडे एक नोंद असते: इन्फ्लिबनेट डॉट एसी डॉट इन या नावाबद्दल अधिकृत उत्तर कोणते सर्व्हर देतील. तिसरा प्रश्न त्या सर्व्हरला, आणि तिथे अखेर शोधगंगेचा आयपी पत्ता मिळतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मिळालेलं उत्तर रिझॉल्व्हर काही काळ आपल्याजवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा विचारायला नको. या साठवणीला कॅश म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यात एक गोष्ट बघा. कोणाकडेही सगळी माहिती नाही. प्रत्येक पायरीवर फक्त "पुढे कोणाला विचारायचं" एवढंच माहीत आहे. अधिकार वरून खाली सोपवत आणलेला आहे, आणि त्या साखळीतली देशाची कडी म्हणजे राष्ट्रीय नोंदणीसंस्था, अर्थात रजिस्ट्री.

सातबाऱ्याची उपमा

आपल्याकडे समजायला सगळ्यात सोपं उदाहरण सातबाऱ्याचं. गावातल्या कोणत्या गटाला कोणाचं नाव लागलंय, हे तलाठ्याच्या दप्तरात असतं. उतारा तुम्ही सेवा केंद्रातून काढा नाहीतर मोबाइलवरून, मूळ नोंद एकच. दोन ठिकाणी दोन वेगळे सातबारे असते तर गावात रोज भांडणं झाली असती.

डोमेनच्या जगात तीन पात्रं आहेत. एक, रजिस्ट्री: मूळ दप्तर सांभाळणारी. दोन, रजिस्ट्रार: ग्राहकाकडून पैसे आणि कागदपत्रं घेऊन रजिस्ट्रीत नोंद करून देणारी कंपनी, आपल्या सेवा केंद्रासारखी. (विद्यापीठातले रजिस्ट्रार म्हणजे कुलसचिव, त्यांचा इथे संबंध नाही!) तीन, नोंदणीदार: ज्याच्या नावावर डोमेन आहे तो, म्हणजे खातेदार. रजिस्ट्रार शेकड्यांनी असू शकतात, पण डॉट इनची रजिस्ट्री एकच. कारण एकाच नावाचे दोन धनी झाले तर ते नाव पत्ता म्हणून बाद झालं.

आता संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची सवय: उपमा दिली की ती कुठे तुटते तेही तपासायचं. सातबाऱ्याची उपमा दोन ठिकाणी तुटते.

पहिलं, सातबारा हरवला तरी जमीन जागेवरच असते. बांध असतो, विहीर असते, शेजारी साक्ष द्यायला असतात. डोमेनचं तसं नाही. रजिस्ट्रीतली नोंद हीच ती वस्तू. नोंद काढली की नाव उरतच नाही. साइटची फाइल सर्व्हरवर तशीच पडून असते, पण त्या नावाने तिच्याकडे जाता येत नाही.

दुसरं, जमीन पिढ्यान्‌पिढ्या नावावर राहू शकते. डोमेन मात्र कधीच विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं आणि मग नूतनीकरण. "मी डोमेन विकत घेतलं" असं आपण बोलतो, पण खरं तर तो भाडेपट्टा असतो. मुदत संपली, सवलतीचे दिवस उलटले, की तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. आणि नाव घेणाऱ्याला त्या नावाची जुनी पतही फुकटात मिळते. या लेखातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच. त्याकडे शेवटी परत येऊ.

पहिलं काम: दप्तर चोख ठेवणं

रजिस्ट्रीचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे नोंदी अचूक ठेवणं आणि त्या चोवीस तास जगाला सांगत राहणं. सगळ्या नावांच्या नोंदींची जी फाइल तयार होते तिला झोन फाइल म्हणतात. ही फाइल बिघडली तर काय होतं, हे स्वीडनने अनुभवलंय.

१२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री स्वीडनच्या डॉट एसई रजिस्ट्रीत नेहमीचं देखभालीचं काम चाललं होतं. झोन फाइल तयार करणाऱ्या स्क्रिप्टमधून नावांच्या शेवटचं एक टिंब गळालं. झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब असेल तर त्याचा अर्थ "नाव इथे पूर्ण झालं". टिंब नसेल तर सर्व्हर समजतो की नाव अर्धवट आहे आणि तो शेवटी स्वतःहून झोनचं नाव चिकटवतो. म्हणजे अमुक डॉट एसईचं झालं अमुक डॉट एसई डॉट एसई. असं नाव अर्थातच कुठे नव्हतं. देशातली नऊ लाखांच्या आसपास नावं एकदम अडचणीत आली. चूक साधारण तासाभरात सुधारली, पण तोपर्यंत चुकीची उत्तरं ठिकठिकाणच्या कॅशमध्ये जाऊन बसली होती, त्यामुळे त्रास पुढेही रेंगाळला. २०१५ मधल्या डीओआय प्रकरणातही काही ठिकाणी लिंक चालत होती आणि काही ठिकाणी नाही, त्यामागे ही कॅशच होती.

कंप्युटरवाल्या मित्रांनी यात फाइलच्या पूर्ण पाथचा आणि अर्धवट पाथचा फरक ओळखला असेल. बाकीच्यांनी एवढंच लक्षात घ्या: एका देशाचं इंटरनेट एका टिंबावर अडू शकतं, आणि म्हणूनच रजिस्ट्रीच्या कामाला हौशी काम म्हणून चालत नाही.

दुसरं काम: नाव कोणाला द्यायचं, हे ठरवणं

डॉट कॉम कोणीही घेऊ शकतो. डॉट इनही आज कोणीही घेऊ शकतो. पण डॉट इनच्या आत काही राखीव वाटा आहेत. जीओव्ही डॉट इन सरकारी कार्यालयांसाठी, ते काम एनआयसी बघते. एसी डॉट इन, ईडीयू डॉट इन आणि आरईएस डॉट इन हे शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी, ते अर्नेट इंडियाकडे आहे. तिथे संस्थेला कागदपत्रं दाखवावी लागतात.

याचा अर्थ, पत्त्यात एसी डॉट इन दिसलं की एक माहिती तुम्हाला फुकट मिळते: हे नाव घेणारी संस्था शैक्षणिक आहे याची कोणीतरी आधी खातरजमा केली आहे. ही खातरजमा संस्थेच्या ओळखीची असते, तिथल्या मजकुराच्या दर्जाची नाही. एसी डॉट इनवर असलेलं जर्नल आपोआप चांगलं ठरत नाही.

नियमांतून विश्वास कसा तयार करता येतो, याचं ताजं उदाहरण बँकांचं आहे. बँकेच्या नावाशी मिळत्याजुळत्या खोट्या साइट काढून लोकांना फसवण्याचे प्रकार आपण रोज वाचतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की बँकांसाठी बँक डॉट इन हा वेगळा विभाग असेल. हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेला त्याचा एकमेव रजिस्ट्रार नेमलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. यात नवीन तंत्रज्ञान असं काहीच नाही. फक्त "हे नाव बँकेशिवाय कोणालाच मिळणार नाही" हा नियम आहे. पण तो नियम पाळणारं दप्तर एकच असल्यामुळे सामान्य माणसाला पत्त्याचं शेपूट बघून खरं-खोटं ओळखायची एक सोपी खूण मिळते.

तिसरं काम: भांडणं मिटवणं

समजा एखाद्या नामवंत ब्रँडच्या नावाने कोणीतरी आधीच डॉट इन घेऊन ठेवलं. मग? त्यासाठी डॉट इनचं स्वतःचं तंटा निवारण धोरण आहे, त्याला आयएनडीआरपी म्हणतात. तक्रार लवादाकडे जाते. तक्रारदाराला दाखवावं लागतं की नाव त्याच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी गोंधळ होईल इतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे.

इथे एक बारीक पण मजेदार फरक आहे. डॉट कॉमसारख्या नावांना लागू असलेल्या यूडीआरपी या १९९९ च्या जागतिक धोरणात नाव वाईट हेतूने नोंदवलेलं 'आणि' वापरलेलं, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आपल्या धोरणात तिथे 'किंवा' आहे. एका उभयान्वयी अव्ययाने निकाल फिरू शकतो! धोरणांचा तुलनात्मक अभ्यास करायचा असेल तर असेच शब्द शोधायचे असतात.

चौथं काम: आपली लिपी

डोमेन व्यवस्था मुळात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढ्याच ३७ चिन्हांवर उभी आहे. मग देवनागरीत पत्ता कसा? ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी नाव नोंदणीसाठी खुलं झालं, त्यात मराठी आणि कोकणीही आल्या. पडद्यामागे प्रत्येक देवनागरी नावाचं त्या ३७ चिन्हांत रूपांतर होतं, आपल्याला मात्र देवनागरी दिसतं.

अवघड भाग रूपांतराचा नाही, नियमांचा आहे. कोणती अक्षरं चालतील? 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' घाईत सारखे दिसतात, त्याचा फायदा घेऊन कोणी खोटं नाव काढलं तर? 'दुसऱ्या' किंवा 'कुऱ्हाड' मधला तो अर्धा र कसा लिहायचा? एकच शब्द संगणकावर दोन प्रकारे टाइप होत असेल तर ती दोन नावं की एक? या प्रश्नांची उत्तरं रजिस्ट्रीच्या नियमांतच लिहावी लागतात, आणि त्यासाठी भाषेची जाण असलेली माणसं लागतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, इथे तुमच्यासाठीही जागा आहे.

रजिस्ट्री काय करत नाही

गैरसमज बरेच आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. रजिस्ट्री वेबसाइट साठवत नाही. तुमचा ईमेल तिच्याकडून जात नाही. साइटवर काय लिहिलंय ते ती तपासत बसत नाही. न्यायालयाचा आदेश आला किंवा नियमभंग सिद्ध झाला तर ती नाव स्थगित करू शकते. मजकूर मात्र ज्या सर्व्हरवर आहे तिथेच राहतो. "सरकारने साइट बंद केली" अशी बातमी वाचाल तेव्हा स्वतःला विचारा: नाव स्थगित झालं, इंटरनेट कंपन्यांनी वाट अडवली, की सर्व्हरवरचा मजकूर काढला? तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे पुरावेही वेगळे असतात.

डॉट इन आलं कुठून?

प्रत्येक देशाला दोन अक्षरं मिळतात ती आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय यादीतून. अशी नावं आज अडीचशेच्या आसपास आहेत. देश कोणता आणि कोणता नाही, हा वाद इंटरनेट चालवणाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर घ्यायचा नाही, म्हणून तयार यादी वापरली. जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहिलेल्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात ही भूमिका मांडली आहे. त्यातच आणखी एक विचार आहे: देशाचं नाव सांभाळणाऱ्याने मालकीची भाषा करू नये, जबाबदारीची आणि सेवेची करावी. तो छोटा दस्तऐवज प्रत्येकाने एकदा वाचावा असा आहे.

डॉट इन हे नाव ८ मे १९८९ रोजी भारताकडे सोपवलं गेलं. सुरुवातीची बरीच वर्षं त्याचं काम मुंबईतल्या एनसीएसटी या संशोधन संस्थेकडे होतं. हीच संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तेव्हाचे नियम फार कडक होते. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. २००४ मध्ये सरकारने नवीन धोरण आणलं, काम निक्सी या ना-नफा कंपनीकडे दिलं, आणि २००५ च्या सुरुवातीला नोंदणी सगळ्यांसाठी खुली झाली. मार्च २०१० पर्यंत आकडा सहा लाखांच्या पुढे गेला.

देश तोच आणि अक्षरंही तीच असताना पाच वर्षांत एवढी झेप आली, ती मुख्यतः नियम बदलल्यामुळे. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण यंत्रांकडे बघतो आणि नियमांकडे दुर्लक्ष करतो, त्याचं हे उत्तम उत्तर.

अजून एक बारकावा. रजिस्ट्री निक्सीची असली तरी तांत्रिक यंत्रणा चालवायचं काम निविदा काढून दिलं जातं. आधी ते अफिलियास या कंपनीकडे होतं, २०१९ मध्ये न्यूस्टारकडे गेलं. न्यूस्टारचा हा व्यवसाय २०२० मध्ये गोडॅडीने घेतला, आणि त्यानंतरच्या निविदेत कॅनडातल्या ट्युकोजची निवड झाली. म्हणजे 'राष्ट्रीय' या शब्दाचा अर्थ सगळं देशातच घडतं असा नाही. धोरण कोण ठरवतं, दप्तर कोणाच्या ताब्यात आहे आणि यंत्रं कोण चालवतं, हे तीन प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

इतर देशांत आणखी वेगळी रचना दिसते. जर्मनीची डेनिक ही सहकारी संस्था आहे (आपल्या साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हे ऐकून बरं वाटेल), ब्रिटनमध्ये नॉमिनेट ही सभासदांची कंपनी आहे. अँग्विला या छोट्या बेटाला डॉट एआय ही अक्षरं योगायोगाने मिळाली आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारच्या महसुलाचा पाचवा हिस्सा त्यातून आला.

देशच बदलला तर?

युगोस्लाव्हियाचं नाव होतं डॉट वाययू. देश फुटला तेव्हा ते सांभाळणारी संस्था ल्युब्लियानामध्ये होती, म्हणजे वेगळ्या झालेल्या स्लोव्हेनियात. १९९४ मध्ये ते काम बेलग्रेडकडे गेलं. पुढे सर्बियाला डॉट आरएस आणि माँटेनेग्रोला डॉट एमई मिळालं, आणि ३० मार्च २०१० रोजी डॉट वाययू कायमचं बंद झालं.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. बेलग्रेड विद्यापीठाचे जुने पत्ते एसी डॉट वाययूवर होते. त्या काळातल्या पेपरांवर छापलेले ईमेल आणि संदर्भात दिलेल्या लिंका, सगळं एका दिवसात निकामी. छापील कागदावरची शाई तशीच राहिली, तिने दाखवलेली वाट तेवढी मोडली.

आपल्या जवळचं उलट उदाहरण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. नामविस्तार २०१४ मध्ये झाला, पण पत्ता युनिपुणे डॉट एसी डॉट इन हाच चालू राहिला. पत्ता न बदलल्यामुळे हजारो जुन्या लिंका जिवंत राहिल्या.

मग आपण काय करायचं?

आता त्या मघाशी सोडलेल्या मुद्द्याकडे येऊ: मुदत संपलेलं नाव दुसऱ्याला मिळतं, जुन्या पतीसकट.

'हायजॅक' झालेली जर्नल्स म्हणजे हेच. खऱ्या जर्नलचं डोमेन नूतनीकरणाअभावी सुटतं किंवा जर्नलची साइटच नसते. भामटे ते नाव किंवा तसंच दिसणारं नाव घेतात, खरा आयएसएसएन आणि खऱ्या संपादकांची नावं टाकतात, आणि फी गोळा करतात. आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका ज्युनिअरला असाच मेल आला होता. जर्नल तीस-पस्तीस वर्षं जुनं असल्याचा दावा, साइट एकदम झकास, "आठवड्यात स्वीकृती". आम्ही डोमेनची नोंद बघितली तर नाव जेमतेम आठ महिन्यांपूर्वी नोंदवलेलं. फी वाचली. फीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पेपर वाचला, कारण एकदा अशा ठिकाणी छापलेलं काम मागे घेऊन दुसरीकडे छापणं फार जिकिरीचं असतं.

यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादी बंद केली. त्या यादीसोबत नकली जर्नल्सचीही यादी असायची. आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर जास्त आली आहे. म्हणून या काही सवयी लावून घ्या:

१. साइटचं डोमेन कधी नोंदवलंय ते 'व्हूइज' किंवा त्याच्या नव्या अवताराने, 'आरडॅप'ने, बघा. ही नोंद फुकट आणि सगळ्यांना खुली असते. अनेकदा नोंदणीदाराचं नाव झाकलेलं असतं, पण तारखा दिसतात.

२. तारीख जुनी म्हणून निर्धास्त होऊ नका. नाव पूर्णपणे सुटून पुन्हा नोंदवलं असेल तर तारीख नवी दिसते, पण ते आधीच कोणी विकत घेतलं असेल तर तारीख जुनीच राहते. नवी तारीख हा संशयाचा पुरावा आहे, जुनी तारीख हा सचोटीचा पुरावा नाही.

३. जर्नलचा पत्ता मेलमधून घेऊ नका. आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर किंवा प्रकाशकाच्या मुख्य साइटवरून जा आणि दोन्ही पत्ते जुळतात का बघा.

४. थिसिसमध्ये शक्य तिथे डीओआय द्या. साधी वेबसाइट असेल तर इंटरनेट अर्काइव्हमध्ये तिची प्रत जतन करून तिचाही पत्ता द्या. डीओआयचा पत्तासुद्धा शेवटी एका डोमेनवर उभा आहे, हे आपण सुरुवातीला बघितलंच. त्यामुळे लेखक, शीर्षक, वर्ष ही पूर्ण माहिती लिंकसोबत असलीच पाहिजे.

५. लॅबच्या प्रोजेक्टसाठी वेगळं डोमेन घेण्याआधी विचार करा: ग्रँट तीन वर्षांची, पाचव्या वर्षी फी कोण भरणार? विद्यापीठाच्या एसी डॉट इनखालचं उपनाव बहुतेक वेळा जास्त टिकाऊ ठरतं. घेतलंच तर ते एका विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर नोंदवू नका. तो पास होऊन गेला, की नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही.

संशोधनाचे प्रश्न

विषय शोधणाऱ्यांसाठी काही प्रश्न इथे मोकळे ठेवते. आपल्या विद्यापीठातल्या मागच्या दहा वर्षांच्या प्रबंधांत दिलेल्या लिंकांपैकी किती आज उघडतात, आणि त्या कोणत्या डोमेनवरच्या आहेत? डॉट भारत वापरणाऱ्या मराठी साइट कोणत्या, आणि त्यावरचे ईमेल पत्ते सरकारी फॉर्म स्वीकारतात का? आयएनडीआरपीतल्या त्या 'किंवा'मुळे निकालांवर खरंच फरक पडतो का? निवाडे सार्वजनिक आहेत, मोजता येतील. यातल्या पहिल्या प्रश्नाला तर लॅपटॉप, शोधगंगा आणि चिकाटी यापलीकडे काहीच लागत नाही.

आज एक काम करा. तुमच्या कॉलेजच्या साइटची डोमेन नोंद उघडा आणि तीन गोष्टी वहीत लिहा: नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि रजिस्ट्रारचं नाव. मुदत जवळ आली असेल तर ऑफिसमध्ये जाऊन सांगा. क्लार्ककाका आधी तुमच्याकडे विचित्र बघतील, पण सांगा.